आवाज कुणाचा?

आमच्या शहरात एके काळी टीव्ही तयार व्हायचे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि 'मुलगा व्हिडिओकॉनला आहे' हे वाक्य लग्न जमवताना वजनदार समजलं जाई. नव्वदच्या दशकात या कंपनीचा बझूम्बा नावाचा टीव्ही आला. त्याची सगळी मिजास आवाजाची. चित्र काय, सगळ्यांच्या घरी दूरदर्शनचं तेच ते. माणसाची पत ठरायची ती आपल्या टीव्हीने शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या हलतात की नाही यावर. पाहुणे आले की आधी आवाज वाढवून दाखवायचा, पाणी नंतर विचारायचं. सिडकोकडच्या एका भागाचं तर नावच टीव्ही सेंटर आहे. तिथे भाजी मिळते, चपला मिळतात, रिक्षा मिळते. टीव्हीचं काय ते विचारू नये.

२०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. २०२३ साली शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आणि जिथे लोकांनी आवाजाखातर टीव्ही घेतले तिथलाच मी, ज्याचा आवाजच येणार नाही असा संगणक शोधायला बाहेर पडलो.

कारण साधं होतं. घरात व्हीएचएस कॅसेट होत्या, हँडीकॅमच्या छोट्या टेप होत्या, गुलमंडीवरून घेतलेल्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी होत्या आणि काही पेनड्राइव्ह होते, ज्यांत काय आहे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हे सगळं एका जागी आणायचं आणि टीव्हीवर बघायचं. बायको म्हणाली, "टीव्ही स्मार्ट आहे की." आहे. पण स्मार्ट टीव्हीत दिसतं ते सगळं भाड्याचं. आज असलेला सिनेमा करार संपला की उद्या गायब, आणि रस्ता खोदणाऱ्याने केबल तोडली की उरलेलेही गायब. नव्या जलवाहिनीसाठी शहरात रस्ते खोदणं सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीत इंटरनेट आणि पाणी यांच्यात आधी कोण येणार अशी स्पर्धा असते. तेव्हा आपला माल आपल्या घरात असलेला बरा.

टीव्हीखाली ठेवायच्या अशा संगणकाला होम थिएटर पीसी म्हणतात. तो शांत असावा लागतो, कारण सिनेमातल्या नायिकेने श्वास रोखला असताना शेजारच्या डब्याने श्वास सोडलेला चालत नाही. मी आधी घरातलाच जुना टॉवर टीव्हीला जोडून बघितला. साध्या व्हीसीडीपर्यंत तो गप्प असे. ४के चित्रफीत लावली की त्याचा पंखा असा काही घोंघावायला लागे, की आई आतून विचारायची, "मिक्सर कुणी लावलाय?"

पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो याच धंद्यात आहे.

"मामा, पंख्याला शिव्या देऊ नकोस. तुझ्या प्रोसेसरला तो फॉरमॅट येत नाही."

हे मला पहिल्यांदाच कळलं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आजची चित्रफीत दाबून, घड्या घालून साठवलेली असते. एचईव्हीसी, एव्ही१ अशी त्या घड्यांच्या पद्धतींची नावं. त्या उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळी, त्याच कामाची मंडळी बसवलेली असली तर ती गुपचूप काम उरकतात आणि मुख्य प्रोसेसर निवांत बसून राहतो. नसली, तर प्रोसेसरलाच प्रत्येक घडी हाताने उलगडावी लागते. तो तापतो, पंखा धावतो, आई मिक्सरची चौकशी करते. म्हणजे शांतता विकत घ्यायची तर पंख्याच्या दुकानात जाण्याआधी चिपची कुंडली बघायची. २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० या बाबतीत गुणी निघाला. चार कोअर, सहा वॅटचा प्रोसेसर, आणि एव्ही१सकट सगळ्या घड्या त्याला पाठ. सहा वॅट म्हणजे आमच्या देवघरातला एलईडी दिवाही त्याला खुन्नस देईल. रास्पबेरी पाय ५ हाही पर्याय होता. त्याला एचईव्हीसी येतं, एव्ही१साठी मात्र वेगळी सोय नाही. बाबांना त्याचं नावच पटलं नाही. "खायचं आहे की बघायचं?" एवढं विचारून त्यांनी तो प्रस्ताव निकालात काढला.

बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्याकडून मंजूर होऊन येते.

मग कॅनॉटमधल्या एका दुकानात गेलो. आतमध्ये काळोख होता आणि काळोखात लाल, हिरवे, जांभळे पंखे फिरत होते. शहागंजातली नवरात्राची रोषणाई बरी, असा उजेड. दुकानातला पोरगा विशीतला, नम्र आणि अत्यंत आशावादी.

"कोणता गेम खेळता, काका?"

"गेम नाही. मला शांत मशीन पाहिजे."

"सायलेंट? हे घ्या ना. सात फॅन आहेत."

"सात?"

"लिक्विड कूलिंग पण टाकून देतो. एकदम थंड राहील."

पाण्याचं नाव निघताच मी सावध झालो. जायकवाडीचं धरण आमच्यापासून इतकं जवळ की रविवारी लोक नाथसागरावर पक्षी बघून दुपारच्या जेवणाला घरी येतात. तिथलं पाणी मात्र नळाला यायला आठवडा घेतं, कधी त्याहून जास्त. ज्या घरात पाण्याच्या दिवशी लग्नाला जायचं टाळतात, तिथे संगणकाला पाणी पाजायचं?

"पाणी कोणतं घालायचं त्यात?"

"आतलं पॅक असतं, काका. नळाचं नाही लागत."

"मग तुम्ही शहरभर विकायला पाहिजे हे," मी म्हणालो. पोराने ती खरेदीची तयारी समजून लगेच कॅल्क्युलेटर काढला.

खरं म्हणजे पाण्याने थंड ठेवण्याचं तंत्र या शहराला नवं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरी खणल्या, त्यात पंप नव्हता, मोटर नव्हती. जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी गावभर फिरत होतं. पुढे पाणचक्की बांधली गेली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, त्याच्या जोरावर जातं फिरवलं आणि तेच पाणी समोरच्या हौदात सोडलं. त्या हौदाच्या तळाखाली एक मोठं दालन आहे. डोक्यावर सगळं पाणी, त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा. वीजबिल शून्य, डेसिबल शून्य. मला काय हवंय ते त्या पोराला समजावण्यापेक्षा त्याला पाणचक्कीवर नेणं सोपं गेलं असतं.

डेसिबलचंही एक प्रकरण आहे. हा आकडा फसवा. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट वाटतो. कुजबुज ३० डेसिबलच्या आसपास. ऑस्ट्रियातली नॉक्टुआ नावाची कंपनी पंखे करते, त्यांचा १२० मिलिमीटरचा एक नावाजलेला पंखा पूर्ण वेगात, मिनिटाला २००० फेरे घेताना, २२.६ डेसिबल एवढाच आवाज करतो. मोठा पंखा हळू फिरून जेवढी हवा ढकलतो, तेवढी ढकलायला छोट्या पंख्याला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं आणि तो किंचाळतो. म्हणून शांत मशीनमध्ये पंखा मोठा घ्यावा. या कंपनीच्या पंख्यांचा रंग चॉकलेटी आणि बिस्किटी. १९८० नंतर हे दोन रंग मी फक्त सरकारी विश्रामगृहांत एकत्र पाहिले आहेत. किंमत अडीच-तीन हजार.

"एवढ्यात छताचा पंखा येतो," बाबा म्हणाले.

"याचा आवाज येत नाही, बाबा."

"आणि वारा?"

"तो आतल्या आत."

"म्हणजे आपल्याला आवाजही नाही आणि वाराही नाही," बाबांनी शेरा मारला आणि फाईल परत पाठवली.

मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि दिवाणखान्याची मोजणी केली. ती करायला नको होती असं आता घरातले सगळेच म्हणतात. एप्रिल महिना, रात्रीचे साडेनऊ. खिडकीत लोखंडी कूलर. हा कूलर म्हणजे मराठवाड्याचं घरगुती दैवत: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी पाणी, आत एक भलामोठा पंखा आणि पाणी वर चढवणारी बोटभर मोटर. ॲपने साठाच्या पुढचा आकडा दाखवला. कूलर बंद केला तर छताचा पंखा ऐकू आला. तो बंद केला तर फ्रिज. तेवढ्यात शेजारच्यांच्या टाकीची मोटर सुरू झाली, कारण त्यांच्या लाइनला पाणी आलं होतं. पाण्याच्या वार्तेने गल्लीत जिवंतपणा आला, पाइप ओढले गेले, कुणीतरी कुणाला तरी "वरची तोटी बंद कर" म्हणून ओरडलं. आणि या सगळ्याच्या मधोमध मी २२.६ डेसिबलच्या पंख्याचं दरपत्रक हातात घेऊन उभा. बायकोने कूलर पुन्हा सुरू केला आणि काही न बोलता झोपायला गेली. तिचं काही न बोलणं मोजायला ॲप नाही.

पण हट्ट सोडला नाही. उलट आता पंखाच नको, असं ठरवलं. बिनपंख्याची कॅबिनेट मिळतात. ॲल्युमिनियमचा जाड डबा, बाजूंना उभ्या पात्यांची झालर, प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून थेट डब्याच्या अंगात. डबाच रेडिएटर. दिसायला देखणा, हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे धूळही ओढत नाही. परदेशातले परीक्षक त्याचं तोंड भरून कौतुक करतात. ते कौतुक वाचताना खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की चाचणी २२ अंशांच्या खोलीत केली. २२ अंशांत आम्ही स्वेटर शोधतो. बिनपंख्याचा डबा आपली उष्णता खोलीच्या हवेला देऊन मोकळा होतो. खोलीच ४१ अंशांवर असेल, तर ती म्हणते, मी काय करू, मलाच कुणीतरी घ्या. प्रोसेसर शंभरीच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो आणि सिनेमातला माणूस दार उघडता उघडता थबकतो. सहा वॅटच्या चिपवर ही वेळ सहसा येत नाही, हे खरं. पण मोठा प्रोसेसर असल्या डब्यात कोंडून मराठवाड्यात मे महिना काढायला लावणं याला माझ्या लेखी छळ म्हणतात. आमच्या हवेला सरळ उत्तर एकच: गरजेपुरती चिप आणि एक मोठा, आळशी पंखा. तोही बहुतेक वेळ झोपलेला.

मी एन१००च घेतला. डबा छोटा. आईने त्यावर तळवा ठेवून बघितला, कोमट लागला, आणि थंडीत विरजणाला ही जागा बरी म्हणून नोंद करून ठेवली.

पार्सलची गंमत वेगळीच. ऑर्डर देताना शहरांच्या यादीत 'छत्रपती संभाजीनगर' नव्हतं, 'औरंगाबाद' दोनदा होतं. एक महाराष्ट्रातलं, एक बिहारमधलं. मी आमचं निवडलं. कुरिअरने दुसरं. माझा डबा बिहार फिरून आला. आल्यावर त्याच्या खोक्यावर इतके शिक्के होते, की बाबांना पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आदर वाटला.

इथवरचा भाग सोपा. आवाजाचा खरा कारखाना साठवणुकीत असतो. एसएसडीत काही फिरत नाही, ती अबोल; पण मोठ्या मापाची घेतली तर बाबांकडून तिला मंजुरी मिळणं अशक्य. तेव्हा सिनेमांना फिरती हार्ड डिस्क. तीही नीट बघून घ्यावी लागते. काही डिस्कांत जास्त माल मावावा म्हणून नोंदींच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. वाचायला ठीक, पुन्हा लिहायला लागलं की आजूबाजूच्याही उचकटून लिहाव्या लागतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कांत हाच प्रकार खोक्यावर न सांगता केल्याचं उघडकीला आलं आणि मग कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. त्याच वर्षीचा आणखी एक किस्सा मला फार आवडतो. '५४०० आरपीएम क्लास' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० च्या वेगाने फिरतात, हे लोकांनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पकडलं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणून सूर १२० हर्ट्‌झचा. लेबल खोटं बोललं, घरघर खरं बोलली.

माझ्याकडे दोन डिस्क झाल्या होत्या. एक नवी, ५४०० ची, आणि एक जुन्या टॉवरमधली, ७२०० ची. दोन्ही शोकेसच्या प्लायवूडवर ठेवल्या. रात्री लाइट गेली, कूलर थांबला, इन्व्हर्टरवर डिस्क चालू राहिल्या आणि सबंध शोकेस गुणगुणायला लागलं. प्लायवूड पोकळ, त्याने आवाजाला चांगली साथ दिली. शेजारच्या काकू गाणं शिकवतात. त्या आमच्याकडे मेणबत्ती मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"तानपुरा घेतला का?"

"नाही, काकू. हार्ड डिस्क आहेत."

त्यांनी डोळे मिटले. "खालचा षड्ज धर. वरचा मध्यम आहे. तानपुरा मध्यमाला लावलाय. मालकंसाला लावतात तसा."

मी नंतर हिशेब केला. ५४०० चे सेकंदाला ९० फेरे, ७२०० चे १२०. ९० ला १२० म्हणजे ३ ला ४. शुद्ध मध्यमाचं हेच प्रमाण. काकू म्हणाल्या, रात्रीचाच राग आहे, वेळही बरोबर साधलीत. पुढचा आठवडाभर त्यांचा एक शिष्य आमच्या शोकेससमोर बसून रियाज करू का असं विचारत होता. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून मी नाही म्हणालो.

घरघर लाकडात उतरू नये म्हणून डिस्क रबरावर ठेवतात. त्याहून पक्का इलाज म्हणजे ती लवचीक पट्ट्यांवर अधांतरी टांगायची, म्हणजे थरथर वाहून न्यायला काही उरतच नाही. जगभरचे शांततेचे भक्त हे करतात. मी आईच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेतलं, खोक्याच्या आत आडवं-उभं ताणून बांधलं आणि मधोमध डिस्क निजवली. आवाज खरंच गेला. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बारसं कधी?" त्यावर बाबा म्हणाले, "ते इलॅस्टिक उन्हाळ्यात सैल पडतं. माझ्या पायजम्याचा अनुभव आहे." हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. फिरती डिस्क पडली तर चार टीबी एका क्षणात जातात.

चार टीबी म्हणा, पण संगणक दाखवतो ३.६३. बाबांनी हा फरक पहिल्या मिनिटाला पकडला. "उरलेलं कुठंय?" दुकानदार म्हणाला होता, सिस्टीम खाते. बाबांच्या नोकरीत सिस्टीम खाते हे उत्तर त्यांनी बरंच ऐकलेलं, म्हणून त्यांना ते पटलं नाही. खरं कारण असं, की कंपनी हजारा-हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. माल तेवढाच, मापं दोन. मी कागदावर भागाकार करून दाखवल्यावर ते गप्प झाले. पण "मापात घट" ही नोंद त्यांच्या वहीत आहे.

शेवटी आवाज घालवण्याचा जो उपाय सगळ्यात स्वस्त, तोच सगळ्यात शेवटी सुचला: भिंत. टीव्हीखाली छोटा डबा ठेवायचा, डिस्कांचं खोकं दुसऱ्या खोलीत, मध्ये लॅनची केबल. एवढं केलं की कोणत्याही पंख्याची जात विचारायची गरज नाही. प्रश्न फक्त दुसऱ्या खोलीचा. माळा बाद, स्लॅबखाली मे महिन्यात तिथे लोणचं आपोआप मुरतं, आणि डिस्कला पन्नाशी गाठलेली आवडत नाही. देवघराखालचं कपाट थंड होतं, पण तिथे चामडं आणि हार्ड डिस्क चालणार नाही असं आईने सांगितलं. हार्ड डिस्क कोणत्या नियमात बसते ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पलंगाच्या पेटीत रजया. राहिली उत्तरेकडची कोठीची खोली. जाड भिंत, ऊन नाही, एका कोपऱ्यात गव्हाची कोठी. तिच्या शेजारी डिस्कांची कोठी बसली.

आईने विचारलं, "याला कीड लागते का?"

लागते. डिस्कवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फाइलीतला एखादा कण आपोआप पालटतो आणि कळतही नाही. फोटो उघडला की खालचा अर्धा करडा. म्हणून चांगल्या साठवणीत महिन्यातून एकदा सगळा माल तपासून, जिथे पालट दिसेल तिथे दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करतात. हे सांगितल्यावर आईला हायसं वाटलं. "मग गव्हासारखंच. उन्हं दाखवायची आणि निवडून ठेवायचं." मी गेले काही महिने झेडएफएस ही साठवणीची पद्धत म्हणजे काय ते भाच्याकडून शिकत होतो, ते तिने गहू निवडता निवडता सांगितलं.

दोन डिस्कांवर तीच ती प्रत ठेवली म्हणून निर्धास्त राहू नये, असंही भाचा बजावतो. एका घरात दोन प्रती म्हणजे चोराला दोन्ही एकदम सापडतात. तीन प्रती, दोन जातींच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी, असा नियम आहे. तिसरी प्रत म्हणून मी एक डिस्क पुण्याला बहिणीकडे ठेवली. दिवाळीत गेलो तेव्हा तिच्यात गेम भरलेले होते. नियम सांगणाऱ्यानेच भरले होते.

सगळं जुळल्यावर जेलिफिन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. याच कामाचं कोडी हे सॉफ्टवेअर त्याहून जुनं. ते २००२ साली एक्सबॉक्सवर चित्रफिती बघता याव्यात म्हणून सुरू झालं आणि कोडी हे नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. ही मंडळी फुकट आणि उत्साही. फाइलीचं नाव बघून सिनेमा ओळखतात, पोस्टर आणतात, नटनट्यांची यादी लावतात. मराठी सिनेमांच्या बाबतीत त्यांचा उत्साह ज्ञानाच्या पुढे धावतो. 'मुंज' नावाच्या फाइलीला, म्हणजे माझ्या मुंजीला, जेलिफिनने २०२४ चा 'मुंज्या' हा भुताचा सिनेमा समजून त्याचं पोस्टर चिकटवलं. आई म्हणाली, "राहू दे. तेव्हा तू दिसायचास तसाच."

कॅसेट उतरवून घेणं हे मात्र जिवावरचं काम. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, त्याला शॉर्टकट नाही. वर व्हीसीआर जुना. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले, त्यानंतर जे आहेत ते म्हातारे. त्यांचे रबरी पट्टे ढिले पडलेत आणि कॅसेटींना पावसाळ्यातली पांढरी बुरशी. आत्याच्या लग्नाची कॅसेट अशीच हळूहळू साफ करून उतरवली. १९९० चं, मे महिन्यातलं, पैठणचं लग्न.

एका रात्री सगळे बसलो. कूलर बंद, डिस्क कोठीत, डबा मुका. चित्र सुरू झालं आणि खोलीभर घर्रर्र आवाज आला. मी उठून डब्याला कान लावला. कोठीत जाऊन आलो. भाच्याला फोन लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, जनरेटर आहे तो. मांडवातला. लाइट गेली होती ना."

पस्तीस वर्षांपूर्वीचा जनरेटर स्वच्छ ऐकू येत होता. मंगलाष्टकं त्याच्या मागे.

"आवाज काढून टाकता येतो," मी म्हणालो.

"मुळीच नको," आई म्हणाली. "तो माझ्या भावाने आणला होता. ऐन वेळी. त्याच्यामुळे लग्न लागलं."

"आणला त्याने," बाबा म्हणाले. "भाडं मी दिलं."

"दिलं? त्यानेच दिलं. मी बघितलंय."

"माझ्या वहीत आहे."

"थांबव रे, मागं घे," दोघं एकदम म्हणाले. मागे घेतलं. नवरीच्या खांद्यामागे, मांडवाच्या खांबापाशी मामा उभा होता आणि जनरेटरवाल्याकडे वळून खिशातून काहीतरी काढत होता.

"बघ, पाकीट!"

"रुमाल आहे तो. घाम पुसतोय."

"मोठं करून दाखव त्याला," बाबा मला म्हणाले.

मी सांगितलं, की व्हीएचएसमध्ये जेमतेम २४० रेषांची स्पष्टता असते. कितीही मोठं केलं तरी पाकीट आणि रुमाल सारखेच दिसणार.

बाबांनी टीव्हीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, कोठीच्या खोलीकडे गेलेल्या केबलकडे बघितलं.

"मग एवढ्या पैशांत आणलंय काय?"